खिशातले हात

पंच्याण्णव साली सांगलीत झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढं कवठे महांकाळचे दोघं मित्र होते, मिलिंद आणि धुळा. आपल्या दोस्तीवर मिलिंदनं स्वतः काढलेलं चित्रांचं विनोदी पुस्तक धुळा पहिल्यांदाच चाळत होता.

“मिल्या, समद्या पानांवर आपुन खिशात हात घालून का रं?”

“मला हाताचं चित्र जमत न्हाई, गड्या.”

“सायकलवर बी खिशात?”

“म्हणून तर फुडच्या चित्रात पडलोय की.”

“आन् ह्यो च्या?”

“टेबलावर निवतोय. आपुन निस्तं बघत बसलोय.”

“माजी मेंढरं मात्र लय झ्याक आलीत.”

“मेंढरास्नी हात असत्यात व्हय?”

“लोक हसत्याल रं तुला.”

“हसूंदेत. इनोदी पुस्तक हाय, कुठं तरी हसायलाच पायजे.”

“आरं, शेवटच्या पानावर तुजा हात माज्या खांद्यावर हाय की!”

“त्यो एकच काढला. दोन महिनं गेलं त्यात.”

“सहा बोटं हायत ह्याला.”

“खोडू नगंस, धुळा. पुन्यांदा जमायचा न्हाई.”

“खोडतोय कशाला? आवं भाऊ, हे शेवटचं पान तेवढं ठळक येऊंद्या.”