वाट कोणी द्यायची?

हसू नका, शर्यतीचा नियम मला अजून तोंडपाठ आहे. रत्नागिरीत मांडवीला बंदरावरच्या गोऱ्या साहेबानं शिडाच्या होड्यांची शर्यत लावली, बक्षीस कोरं शीड. माझं शीड म्हणजे नुसती ठिगळं, म्हणून आठवडाभर घोकत होतो: समोरासमोर आलात, तर ज्याच्या उजव्या अंगाला वारा त्याचा हक्क, दुसऱ्यानं वाट द्यायची.

शर्यतीत समोर आले कोण, तर माझे सासरे! वारा माझ्या उजवीकडे. मी ओरडलो, "मामा, वाट द्या, हक्क माझा!"

"जावईबापू, पोरगी दिली ती पुरे नाही झाली? आता वाट पण मागता?"

किनाऱ्यावर बायको उभी. मीच होडी वळवली. शीड मामांना गेलं. साहेब म्हणाला, "तक्रार कर." सासऱ्यावर कसली तक्रार करतो?

पुढल्या वर्षी पुन्हा समोरासमोर, पण वारा मामांच्या उजवीकडे. म्हटलं, घरचंच माणूस, सांभाळून घेतील. होड्या घासल्या मात्र, मामा गरजले, "साहेब, तक्रार! नियम म्हणजे नियम!"

मी बाद.

घरी आलो, तर बायको शिडाला ठिगळ लावत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आमचे बाबा बघा, या वयात नियम शिकले. तुम्हाला कधी जमणार?"