चिंच किती उंच होती?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समितीचे आदरणीय माणिकराव. सोनपेठहून वाट वाकडी करून आलेले गटशिक्षणाधिकारी साहेब. व्यासपीठावरील सर्व मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षिका नीलम खिल्लारे मॅडम. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान सिद्धोधनराव. माझे सहकारी, गावकरी मंडळी, माता-भगिनी आणि मागे पत्र्याखाली दाटीवाटीनं उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी मॅडमची शिस्त सांगितली, त्यांचं अक्षर सांगितलं, त्यांनी घडवलेले नर्स, तलाठी आणि फौजदार सांगितले. सगळं खरं आहे. मग मी काय सांगावं? उभा राहिलो तेव्हाच माझा गोंधळ उडाला. मी मराठीचा मास्तर. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर माझी सगळी नोकरी गेली, आणि तिथं बसूनही इंग्रजीचे दोन शब्द मला कधी नीट उमगले नाहीत. एक टॉल आणि दुसरा हाय.

आपल्याकडे कसं सोपं आहे! माणूस उंच, डोंगर उंच, घार उंच, गाण्याचा सूरसुद्धा उंच. एका शब्दात काम भागतं. मी मॅडमना म्हणायचो, "साहेब लोकांना दोन शब्द कशाला लागले?" त्या म्हणायच्या, "महारुद्र सर, टॉल म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत किती. हाय म्हणजे जमिनीपासून किती वर." मी विचारायचो, "मग आपल्या पत्र्यावर बसलेलं मांजर?" त्या म्हणायच्या, "मांजर टॉल नाही. पण हाय आहे." मी म्हणायचो, "हाय ना, पत्र्यावरच हाय." त्या हसायच्या आणि माझ्यासाठी चहा सांगायच्या. मी आपला होकारार्थी मान डोलवायचो. कळायचं काहीच नाही.

पण एका दिवशी या दोन शब्दांवर माणसांचा जीव टांगलेला मी डोळ्यांनी पाहिला. तेवढंच सांगतो आणि बसतो. अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे बघू नका, यात आपणही आहात.

तीन वर्षांमागे पोळा झाल्यावर गोदावरीला जे पाणी आलं, ते इथं कुणाला आठवत नाही? वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले, इकडे पाऊस थांबायला तयार नाही. शाळा उंचावर, म्हणून निम्मं गाव शाळेत येऊन बसलेलं. याच हॉलमध्ये, बरं का. तिकडच्या कोपऱ्यात शेळ्या होत्या आणि आता फुलदाणी आहे तिथं कुणाचं तरी पिठाचं पोतं होतं.

दुपारच्या सुमारास दोन खबरा आल्या. पहिली अशी, की आपले आश्रुबा आणि सुलाबाई मळ्यात अडकले. म्हैस सोडायला गेले आणि ओढ्याचं पाणी मागून फिरलं. दोघं बांधावरच्या चिंचेवर चढून बसलेत. दुसरी खबर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून आली. तिथली घरं पाण्यात गेली आणि सगळी वस्ती पांढरीच्या टेकाडावरच्या बुद्धविहाराच्या स्लॅबवर जाऊन बसली. त्यांच्यात मॅडमच्या सासूबाई, सरजाबाई होत्या. आणि सिद्धोधनराव होते. एसटी बंद होती, म्हणून यांच्या कंडक्टरकीला सुट्टी. सकाळी हे आईला आणायला म्हणून गेले आणि तिथंच अडकले. यांनी मॅडमना फोन केला, "पानी पायरीला लागलंय." मॅडम विचारतात, "कोणत्या पायरीला?" तेवढ्यात फोन बंद पडला.

आता गंमत बघा. गंमत कसली, घात बघा. टेकाड चढायला खालून दगडी पायऱ्या आहेत. आणि वर विहारालाही पायऱ्या आहेत. टेकाडाच्या पायरीला पाणी लागलं तर काळजी नाही. विहाराच्या पायरीला लागलं तर सगळं संपत आलं. सिद्धोधनराव नेमकी कोणती पायरी म्हणाले? कुणाला सांगता येईना.

बचाव पथकाची एक रबरी बोट शेजारच्या गावी काम करत होती. तिच्यावरचे साहेब दक्षिणेकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकी, बोलणं इंग्रजीत. त्यांचा फोन आला तो माणिकरावांना, कारण तेव्हा सरपंच आपणच होतात. साहेबांनी विचारलं, "हाऊ हाय आर दे?"

माणिकराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "हाय, हाय! झाडावरच हायत!"

साहेबांनी पुन्हा विचारलं, "हाऊ हाय?"

"अहो हाय म्हनलं की! खोटं बोलायलो का आमी?"

अध्यक्ष महोदय, रागावू नका, हे आपणच चावडीवर हसत सांगता. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. माणिकरावांनी फोन मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमी बोला माय. त्याचं मला उमजंना अन् माझं त्याला."

एव्हाना साहेबही कंटाळले असावेत. त्यांनी सरळच विचारलं, झाड किती उंच? हाऊ टॉल इज द ट्री? मॅडमनी बाजूला विचारून सांगितलं, फॉर्टी फीट. मग विचारलं, इमारत किती उंच? हाऊ टॉल इज द बिल्डिंग? विहार ठेंगणाच आहे. मॅडम म्हणाल्या, टेन फीट. साहेब म्हणाले, ओके, बिल्डिंग फर्स्ट. आणि फोन ठेवला.

चूक कुणाची? साहेबांनी जे विचारलं ते बरोबर विचारलं. मॅडमनी जे सांगितलं ते अगदी बरोबर सांगितलं. चाळीस फुटांवरची माणसं थांबू शकतात, दहा फुटांवरची नाही. कुणीही हेच ठरवलं असतं. आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं. मॅडम, तुमची माणसं सुटली. बायांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवले.

आणि मॅडम शाळेच्या गच्चीवर गेल्या. बोट दिसते का ते बघायला. मी मागोमाग गेलो.

गच्चीवरून विहार दिसत नाही, मध्ये लिंबाची दाटी आहे. पण आश्रुबांची चिंच दिसते. चिंच चांगली आभाळात गेलेली. आणि माणसं? माणसं खालच्या पहिल्याच बेचक्यात. सुलाबाईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, त्या वर चढणार कशा? आश्रुबांनी त्यांना धोतरानं बुंध्याला बांधलं होतं आणि स्वतः खाली उभे राहून खांद्यानं त्यांना रेटून धरलं होतं. पाणी आश्रुबांच्या कमरेला.

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, चिंच चाळीस फूट आहे. ती दोघं कुठं चाळीस फुटांवर आहेत?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"झाड टॉल आहे. माणसं हाय नाहीत. विहार टॉल नाही, पण टेकाडावर आहे, तो हाय आहे. मी सगळं बरोबर सांगितलं आणि सगळं उलटं झालं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मॅडम, दोन्ही उंचच की हो." खरंच, त्या घटकेलाही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. मला एवढंच दिसत होतं, की त्यांच्या हातात अजून माणिकरावांचाच फोन आहे.

माणिकराव धापा टाकत वर आले. त्यांनी एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. म्हणाले, "राहू द्या मॅडम. बोट निघालीय. मधीच काई बोलाल तर त्या लोकांचाबी घोळ व्हईल. अन् तिकडं तुमचं माणूस हाय."

मॅडम म्हणाल्या, "मला माहीत आहे कोण आहे तिकडं."

"पायरी कोन्ती, ते तरी माहीत हाय का?"

"नाही."

मग त्या जे बोलल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा विहाराचं काम चालू होतं. बांधकामाला मी डोक्यावर पाणी वाहिलंय. ते टेकाड चढताना दोनदा बसावं लागायचं. लय वर आहे ते. लय वर आहे." आणि त्यांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. गच्चीच्या या टोकाला गेल्या, त्या टोकाला गेल्या. शेवटी पाण्याच्या टाकीवर चढल्या, साडीचा ओचा सावरत, तेव्हा लागला.

"सर, द ट्री इज टॉल, बट द पीपल आर नॉट हाय!"

पलीकडून आवाज आला, "व्हॉट? से अगेन?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. साहेबांचा गोंधळ वाढला. ते म्हणत होते, झाड चाळीस फूट, मग लोक वर का जात नाहीत? तेव्हा मित्रांनो, आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या आपल्या मॅडम ओरडून काय बोलल्या? "साब! झाड बडा है, लोगां नीचे हैं! बुढ्ढी चढ नहीं सकती! वो बिल्डिंग छोटी है, मगर टेकडी के ऊपर है! पहले झाड पे आओ!"

हे मात्र साहेबांना एका दमात कळलं. त्यांनी एकच विचारलं, "आर यू शुअर?"

फोनचा आवाज मोठा होता, आम्ही दोघांनीही ऐकला. मॅडमनी विहाराच्या बाजूच्या लिंबांकडे पाहिलं. माणिकराव जमिनीकडे बघत होते. मग मॅडम म्हणाल्या, "येस."

त्या टाकीवरून उतरल्या आणि तिथंच खाली बसल्या.

बोट वळली. सुलाबाईंना बोटीत घेतलं तेव्हा त्यांची शुद्ध हरपत आली होती. आश्रुबांना बोटीतही धरून बसवावं लागलं. पाय राहिलेच नव्हते त्यांना. पण दोघं वाचले. तिसऱ्या रांगेत बसलेत, बघा. सुलाबाई, डोळे पुसू नका, आज हसायचा दिवस आहे.

मग बोट विहाराकडे गेली. आणि तिथं काय कळलं? पाणी विहाराच्याच पायरीला लागलेलं होतं. टेकाडाच्या नव्हे. बोट पोहोचेपर्यंत खिडक्यांना भिडलं होतं. स्लॅब कोरडा होता, एवढंच. सगळी माणसं सुखरूप निघाली. सरजाबाई बोटीतून उतरल्या त्या आधी चहा मागत उतरल्या. पण अजून थोडा उशीर झाला असता तर? मॅडमचा अंदाज खरा होता का खोटा? चिंचेपुरता खरा, टेकाडापुरता खोटा. मग त्यांनी केलं ते बरोबर का चूक? मी तीन वर्षं विचार करतोय. मला सांगता येत नाही. मॅडमना एकदा विचारलं, तर त्याही म्हणाल्या, "मलाही कळत नाही, सर."

त्या वेळी त्या आणखी एक बोलल्या होत्या. "हे बोटीतून उतरले तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. आता बोलतात, पण तो विषय आजवर काढला नाही. राग गेला नसेल त्यांचा. जाऊ पण नये. मीही काढत नाही."

आज सकाळी मी सिद्धोधनरावांकडे गेलो. म्हटलं, घरातली गोष्ट आहे, चारचौघांत सांगायची तर विचारलेलं बरं. हे अंगणात दाढी करत होते. मी विचारलं, "पुराचं सांगू का हो भाषणात?"

यांनी वस्तरा पाण्यात बुडवून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, बोट आमच्याकडं यायली होती. आमी सगळे हात करायलो. माय म्हनली, आली रे बाबा. अन् मधीच वळली. तवा मी लय शिव्या दिल्या. ज्यानं कुनी वळवली त्याचं वाटोळं व्हावं म्हनून तळतळाट दिला, तोंड भरून. सगळ्या वस्तीनं ऐकला. अन् इकडं उतरलो तर कळलं, कुनी वळवली ते."

मी विचारलं, "म्हणून बोलला नाहीत?"

"काय तोंडानं बोलू? ती समजती मी रागात हाय. मी रागात न्हाई हो. मला लाज वाटायली. आश्रुबा दिसला की अजून वाटती."

"मग सांगा की त्यांना."

"माझ्यानं व्हत न्हाई. तुमी भाषनात सांगा. तुमचं ऐकून घ्यावंच लागंल तिला, उठून जाता येनार न्हाई."

मॅडम, मी निरोप पोहोचवला. टॉल आणि हायमधला फरक मला आज तरी कळला का? विचारू नका. माझी गाडी अजून चिंचेपाशीच अडकली आहे.

एरवी वक्ता शेवटी स्वतःच्या उण्या-अधिक शब्दांची माफी मागून मोकळा होतो. माझं बोलणं लांबलं, अध्यक्षांची नक्कल केली, कुणाची नावं राहून गेली असतील, ते सगळं आपण उदार मनानं पोटात घालाल याची खात्री आहे. पण आज मला दोघांच्या वतीनं माफी मागायची आहे. त्या दुपारी विहाराच्या स्लॅबवरून, ओळख न पटता, जे शब्द तुमच्या नावानं सुटले, मॅडम, तेही माझ्या चुकांतच धरा आणि माफ करा.

तुम्ही आत्ता पदर तोंडाला लावलात आणि मान हलवलीत. ती हो म्हणून हलवलीत की नाही म्हणून, ते इथं माइकपाशी उभं राहून मला कळलं नाही. मला कळायची गरजही नाही. सिद्धोधनराव, तुम्ही खाली मान घालून बसू नका. वर बघा, त्या तुमच्याकडेच बघतायत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार. मी आपली रजा घेतो.