अनवाणी पक्षाचे बूट

…आणि वर अध्यक्ष मलाच विचारतात, "परवापर्यंत होतील ना?" अहो, बूट म्हणजे काय चहा आहे, उकळला की ओतला?

तुम्हाला सांगतो, मी बूट शिवणारा माणूस, आणि अकरा वर्षं अनवाणी! का? तर आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी भर सभेत शपथ घेतली, "आपल्या प्रदेशाला स्वतःचं मोठं इस्पितळ मिळेपर्यंत पायात वहाण घालणार नाही!" झालं! सगळा पक्ष अनवाणी. मीही. माझ्या वडिलांना राजधानीच्या इस्पितळात नेताना, सहा तासांच्या त्या रस्त्यात, ते माझ्या मांडीवर गेले हो… मी नाही शपथ घ्यायची तर कुणी? गिऱ्हाईक यायचं, माझ्या पायांकडे बघायचं आणि शेजारच्या दुकानात शिरायचं. बायको करवादायची, "एक तर दुकान बंद करा, नाहीतर ती शपथ!" मी म्हणायचो, प्रदेशासाठी गं, प्रदेशासाठी!

मग निवडणूक. आमचे सात आमदार आले आणि राजधानीवाल्या पक्षाला बहुमताला पाच कमी पडले. कालपर्यंत त्यांना लुटारू म्हणणारे आमचे अध्यक्ष तीन दिवस त्यांच्याच विश्रामगृहात! बाहेर आले ते मंत्रिपद ठरवूनच. खातं कुठलं? बंदरं! अहो, आमच्याकडे नदीसुद्धा उन्हाळ्यात आटते, बंदर कुठलं आणताय? तर म्हणे, प्रदेशासाठी!

आज सकाळी मला बंगल्यावर बोलावलं. "शपथविधीला अनवाणी बरं दिसत नाही हो. काळे बूट शिवा." बसलो खाली माप घ्यायला, उजवा पाय हातात घेतला आणि… लोण्यासारखा! ना भेग, ना घट्टा, आणि करंगळीवर बुटानं घासल्याचा ताजा वळ! माझ्या टाचा बघा, भेगेत काडी उभी राहते. जन्मभर लोकांचे पाय हाताळलेत मी. अकरा वर्षं सोडा, अकरा दिवस अनवाणी चाललेला पाय नव्हता तो!

मी वर बघितलं. ते पंख्याकडे बघायला लागले.

म्हटलं, "अध्यक्ष, इस्पितळाचं काय?"

"समिती नेमतोय ना! तुम्हालाही घेऊ तिच्यात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला, "आणि ते… पायाचं कुठं बोलू नका हं. प्रदेशासाठी."

असा संताप आला म्हणता! वाटलं, फेकावी ती माप घ्यायची पट्टी तोंडावर आणि चालू पडावं. वडील डोळ्यांसमोर आले, तोंड उघडलं… आणि बोललो काय?

"साहेब, आता डावा पाय द्या."