मानाचा अल्बम

— नाही हो काकू, तुमच्या लग्नाच्या अल्बमात, म्हणजे लेकीच्या लग्नाच्या, काही खोट नाही, बघा ना, लेक कशी छान गव्हाळ दिसतेय — ‘ह्यात हिरवी नाही’ असं म्हणालो मी? — म्हणालो असेन. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो.

त्याचं काय झालं, फोटोचा प्रोग्राम रंगाचं काम स्वतः करत नाही. ते एका वेगळ्या फाइलीत असतं, तिला लायब्ररी म्हणतात — पुस्तकांची नव्हे हो. प्रोग्राम सुरू झाला की लिंकर ती शोधून जोडून देतो. लिंकर कोण? तोही प्रोग्रामच. तर हा शहाणा आधी बघतो, मशीनचा प्रोसेसर किती दमाचा आहे. दमदार असला तर आधी खास फोल्डरात शिरतो — तिथं तसल्या मशीनसाठी बनवलेली वेगवान लायब्ररी मिळाली की तीच उचलतो. नाही मिळाली तरच साध्या फोल्डरात येतो. मशीन जुनं असलं तर खास फोल्डरला हातच लावत नाही. आता आमच्या लायब्ररीत निघाली चूक, चेहरे हिरवे यायला लागले. मी दुरुस्त केलेली आणून दोन्ही मशीनांवर टाकली — कुठे? साध्या फोल्डरात. नव्या मशीनच्या खास फोल्डरात त्याच नावाची जुनी तशीच राहिली. लिंकर तारीख बघतो का? छे. आमच्या भाऊजींसारखा — दुकानाचे मालक, माझ्या ताईचे यजमान — मेजवानीत खास पाहुण्यांचं टेबल दिसलं की तिथंच बसणार, मग तिथलं अन्न कालचं का असेना.

म्हणून हे काउंटरवरचं खटारं चेहरे माणसांसारखे काढतं, आणि भाऊजींचं नवं कोरं मशीन, ज्यावर ते मला एक फोटोही काढू देत नाहीत, ते — पण निस्तरलं हो, आज सकाळीच. तुमचा तर ह्या खटाऱ्यावरच निघाला. भाऊजी म्हणाले, मुलीकडचा आहे, इथं चालेल — तसं नव्हते म्हणाले — म्हणाले, पण प्रेमानं. नव्या मशीनवर एकच काढला, मानाचा. स्वतः काढला, नीट न बघताच रिबीन बांधली, आणि काल स्वतः नेऊन दिला... विहीणबाईंना.

भाऊजींनी सांगितलं नाही तुम्हाला? मला वाटलं, त्यासाठीच आलात.

त्या फार चोखंदळ ना? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, लेकीनं घरात पाऊल ठेवल्यापासून नावं ठेवतायत, अल्बम तरी मनासारखा झाला म्हणजे मिळवली. बिचारी पोर. पण ती एकटीच हिरवी नाही, काकू, नवराही हिरवा. विहीणबाई तर — पुढे बसल्या होत्या, उजेड त्यांच्यावर जास्त, त्यामुळे सगळ्यांत —

फोन वाजतोय तुमचा.

त्यांचाच? घ्या ना. सांगा, मशीन फार चांगलं होतं म्हणून असं झालं — नको, ते नका सांगू. भाऊजी! — मघाशी तर आतच होते. काकू, तुम्ही बाहेर जाऊन बोला, इथं नीट ऐकू येत नाही. शटर मी ओढून घेतो.