पाहणारीचे नाव

दिनांक १४ जानेवारी २००४, दुपारी १.२०

मी ठमाबाई सोमाजी खोब्रागडे, वय ४३ वर्षे, काम – संस्थेत सखी, रा. रेल्वे लाइनजवळची वस्ती, चंद्रपूर. ‘काम’ या शब्दापुढे साहेब दुसरेच लिहायला सांगत होते, मी थांबवले. वस्तीतल्या बाया करतात तो धंदा मी सात वर्षांपूर्वी सोडला.

समक्ष पोलीस ठाण्यात विचारल्यावरून सांगते की, वस्तीतील अकरा बायांना भेटणे, त्यांचे ऐकून घेणे, निरोध देणे, दवाखान्यात सोबत जाणे हे माझे काम आहे. मी त्यांच्यातलीच, म्हणून त्या माझ्याशी बोलतात. आम्हांला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे वहीत प्रत्येकीचे एक चित्र असते. चित्र जिचे तिने निवडायचे. कोणाची फणी, कोणाची छत्री. कोणते चित्र कोणाचे, हे मी संस्थेच्या मॅडमनाही सांगत नाही. पहिल्या भेटीत तसा शब्द द्यावा लागतो, नाहीतर कोणी दार उघडत नाही.

बुधरी, वय अंदाजे एकवीस, धानोऱ्याकडची, मागच्या आठवड्यात वस्तीत आली. दसरू नावाच्या इसमाने वडशाच्या नाटक कंपनीत काम देतो अशी थाप मारून तिला आणले. सोमवारी ती मला म्हणाली, "बाई, मले घरी जायाचं हाय. दसरू कुलूप लावते." मी म्हणाले, "बुधवारी मॅडम येऊन राह्यल्या, दोन दिस कळ काढ." हे माझे चुकले. कुलूप उघडे होते तेव्हाच हात धरून तिला बाहेर काढायचे होते. आमच्याकडे सगळे मॅडमना विचारून करायची सवय, म्हणून मी बुधवारची वाट पाहिली.

आज सकाळी ९.३० वाजता गेले तर खोली रिकामी. शेजारच्या खोलीतील बाईने सांगितले की, दसरूने नऊ वाजता बुधरीला पांढऱ्या जीपमध्ये बसवले व ड्रायव्हरला वडसा सांगितले. बुधरी रडत होती. मी मॅडमची वाट न पाहता सरळ येथे आले. तेव्हा दहा वाजले होते.

ठाणे अंमलदार साहेब म्हणाले, "मोठी हाय ना ती? मर्जीनं गेली असन." मग माझी पिशवी तपासली. निरोधची पाकिटे व वही निघाली. चित्रांपुढच्या खुणा दाखवून ते म्हणाले, "हे तं गिऱ्हाइकाचं रजिस्टर दिसते. अड्डा तूच चालवते काय?" त्या बाया दवाखान्यात गेल्याच्या खुणा आहेत, असे मी चार वेळा सांगितले. मला फार राग आला. हे पण लिहा असे मी लिहिणारे हवालदार लटारूभाऊ यांना सांगितले. त्यांनी साहेबांकडे पाहिले आणि लिहिले.

साहेब म्हणाले, ऐकीव गोष्टीवर वडशाच्या ठाण्याला फोन होत नाही, पाहणारीचे नाव दे. नाहीतर अकराही चित्रांची नावे काढू आणि गुन्हा तुझ्यावर लावू. मी म्हणाले, "जीप अजून रस्त्यात हाय साहेब, पयले फोन करा." ते म्हणाले, "पयले नाव."

मी बाकावर बसले. समोर भिंतीवर घड्याळ होते. एक वाजता मी नाव सांगितले.

पाहणारी बाई रूही आहे, रा. मूल. ती रोज पहिल्या एसटीने येते व दुपारी बाराच्या एसटीने परत जाते. चंद्रपूरला शिलाईच्या दुकानात जाते, असे तिच्या घरी माहीत आहे. घरी सासू व दोन मुली आहेत. आज मला सांगताना ती म्हणाली होती, "दीदी, मेरा नाम मत लेना." मी तिला म्हणाले होते, "नाई घेत."

साहेबांनी लगेच ठाण्याची गाडी मूलला पाठवली, रूहीला घरून आणण्यासाठी. वडशाला फोन झाला का, असे मी विचारले. आधी तिचा जबाब होईल, मग पाहू, असे सांगण्यात आले.

लटारूभाऊंनी मला सर्व वाचून दाखवले. रूहीचे नाव काढा, अशी मी विनंती केली. गाडी गेली आहे, आता काढून उपयोग नाही, असे ते म्हणाले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.