चाळीस दिवसांचं समुद्रफूल

प्रणोती : …आणि ही तिसरी. बघा अण्णा, हीपण उलटी पडली. परवापर्यंत तिघी टाकीच्या काचेवर फिरत होत्या.

अण्णा : गोगलगायच ती. दमली असेल. तू आवर, साडेदहाला प्रीबोर्डाचा पेपर आहे.

प्रणोती : दमत नाहीत हो त्या! आणि समुद्रफूल बघा ना. आठ दिवसांत परत पांढरंफटक. माझा चार्ट बघा कपाटावरचा. बारा तारखेला टोकं तपकिरी, अठराला अर्धे हात तपकिरी. शेवाळ परत येत होतं त्याच्या अंगात! ते शेवाळच तर त्याला जेवू घालतं…

अण्णा : मला नको सांगू, माझं पाठ झालंय. अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला सांगून राहिलो मी, की नातीनं जबलपुरात समुद्र आणला अन् मरणारं फूल जगवलं.

प्रणोती : फूल नुसतं नावाला, प्राणी आहे तो. धनेश भैया त्यांच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून फेकून देत होते ते. मी छाती ठोकून म्हटलं, मला द्या, बरं करून दाखवते. चाळीस दिवस झाले अण्णा! दिवा मंद ठेवला, चिमट्यानं कोळंबीचे तुकडे भरवले, मोहरीएवढे. कशातच चूक नाही माझी. थांबा, मी भैयांनाच फोन लावते. स्पीकरवर.

धनेश : हां प्रणोती, बोल. दुकान उघडायचं आहे अजून, टपरीवर चहा पिऊन राहिलो.

प्रणोती : भैया, समुद्रफूल आक्रसलंय. तोंड सताड उघडं आहे. दोन्ही मासे त्याच्यात शिरत नाहीत, कालपासून हीटरच्या मागे लपलेत.

धनेश : पाणी किती गरम?

प्रणोती : सव्वीस.

धनेश : मीठ?

प्रणोती : आत्ताच मोजलं. बरोबर आहे.

धनेश : अच्छा. और घोंघे?

प्रणोती : तिन्ही उलट्या.

धनेश : देख, मासे ठीक, घोंघे गेले, फूल जाऊन राहिलं. ये तो धातू का काम लगता है. टाकीत काही पडलं का? नाणं, खिळा, तार?

प्रणोती : काहीच नाही. रोज उडून जातं तेवढं पाणी भरतो, बस. तेही आरओचं. पेपर सुरू झाल्यापासून अण्णा भरतात.

अण्णा : आरओचंच भरतो. तू दाखवलं त्याच कॅनमधून काढतो.

प्रणोती : बघा.

अण्णा : काढतो अन् रात्रभर मुरू देतो.

प्रणोती : कशात मुरू देता?

अण्णा : अगं, ते मशीनचं पाणी मेलेलं असते. आजारी जिवाला काहून द्यायचं तसलं? नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर नवा घडा घेतला ना आपण, त्यात ठेवतो. रोज चिंचेनं घासून लख्ख करतो, मग भरतो.

प्रणोती : तांब्याचा घडा?

अण्णा : मग काय प्लॅस्टिकचा? आपण सगळे नाही का पीत? तुला कावीळ झाली होती तेव्हा…

धनेश : दादाजी, कितने दिन से?

अण्णा : बारा. नाही, तेरा.

प्रणोती : अण्णा, अहो, तांबं म्हणजे त्याला…

अण्णा : थांब. जरा थांब. तीस वर्षं फॅक्टरीत तांब्यापितळेतच गेली माझी. आमच्या शॉपमध्ये श्यामसुंदर होता, गोदीतून आलेला. तो सांगायचा, जुन्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकायचे. काहून, तर समुद्रातलं काही त्याला चिकटून जगू नये म्हणून. …मला माहीत होतं पोरी हे. माहीत होतं अन् मी रोज घासून, चमकवून…

प्रणोती : भैया, आता काय करू? लवकर सांगा.

धनेश : मिठाचं पाणी तयार आहे?

प्रणोती : एक बादली. कालच कालवून ठेवलंय.

धनेश : मासे सहन करतील, फूल नाही करणार. त्याला दगडावरून सोडव आणि बादलीत ठेव. ओढू नको हां, पाय फाटला तर संपलं. किनारीनं, नखानं, धीरे धीरे. अर्धा घंटा लागेल. भारी जिद्दी असतं, अंगात जोर आहे तोवर दगड सोडत नाही.

प्रणोती : मग वाचेल ना?

धनेश : पहले निकाल तो. पाणी साफ करायचा कोळसा घेऊन निघतो मी. गोरखपूर मोहल्ल्यातून वीस मिनिटं.

अण्णा : अर्धा तास म्हणजे तुझा पेपर…

प्रणोती : स्कूटरनं सोडाल ना? हीटरचं बटण बंद करा आधी. आणि टॉर्च धरा इकडून.

अण्णा : रागव ना मला.

प्रणोती : नंतर. …आणि मीच म्हटलं होतं ना, मला सगळं येतं, तुम्ही फक्त पाणी टाकत जा. कोणत्या भांड्यातून टाकता, एकदापण बघितलं नाही.

अण्णा : दिसला का पाय?

प्रणोती : दिसला. दगडाच्या फटीत आहे. टॉर्च हलवू नका.

अण्णा : दोन्ही हातांनी धरतो. सावकाश. घाई नको करू, मी पोचवतो तुला वेळेत. नाहीतर बाईंशी बोलतो मी स्वतः. फाटू द्यायचा नाही आपण…

प्रणोती : अण्णा.

अण्णा : नख पुरत नाही का? पातळ चमचा आणू? स्टीलचा, स्टीलचा आणतो.

प्रणोती : त्यानं दगड धरलेलाच नव्हता. मी नुसता हात लावला.

अण्णा : …बादली जवळ सरकवतो.