छर्रे कोणी सांडले

माझं खरं कोणालेच वाटलं नाही. पोरीची एअर रायफलची निवडचाचणी चार दिवसांवर आली अन् नेम रोज हुकून राहिला होता. कोच म्हणे, "ताई, पोरगी घाबरते."

"घाबरत नाही. शिशाचे छर्रेच चेपलेले आहेत."

"चौथी शिकून छर्रे समजतात काय?"

"भिवापूरच्या मिरच्या निवडण्यात जिंदगी गेली माझी. आण वं पोरी, डबा इकडं."

काचेवर एकेक छर्रा घरंगळवला. लंगडत गेले ते फेकले. उरलेल्यांनी पोरीचा नेम मधोमध लागला, तवा माझा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन छर्रे कोणी चेपले म्हणून साऱ्यांले दम दिला, तर कळलं, डबा फरशीवर सांडून झाडूनं गोळा करणारा तिचा बापच. वीस वर्षं नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं, त्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू जाईल असं घेतलं. रामदास.